प्रजापतीभोवतीची उभी रेघ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं स्टाफरूममध्ये डबा खातो त्या मंडळींनाही नाही.

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. मी विज्ञानाचा शिक्षक. भूतबाधा, करणी, अंगात येणं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही नाही. पण मी जे पाहिलं ते दुपारी दोन वाजता, चाळीस मुलांच्या सोबत, पूर्ण शुद्धीत पाहिलं. त्याबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही. शंका नाही म्हणूनच इतकी वर्षं गप्प राहिलो.

साल चौऱ्याहत्तर. नागपुरात सदर भागात आमची शाळा. मी नुकताच लागलेलो, अजून कायम व्हायचा होतो. सातवीला विज्ञान शिकवायचो. त्या वर्षी रामदासपेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी शाळेला एक जुना प्रोजेक्टर दिला — काचेच्या चौकोनी स्लाइड्स दाखवणारा. सोबत सूर्यमालेचा संच. सूर्यापासून शनीपर्यंत सगळं शाबूत, पण शेवटचे तीन ग्रह फुटलेले. पुस्तकात ग्रह नऊ आणि भिंतीवर सहाच.

"करू नं जी सर. त्यात काय हाये?" असं म्हणाले ते शंकरराव.

शंकरराव म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. वय पंचेचाळिशीच्या आसपास. घराणं विणकरांचं, गाव उमरेड. माग बसला म्हणून शाळेत आलेले, तेही हंगामी. दर जूनला नवा आदेश, दर एप्रिलला घरी. त्या वर्षी मात्र हेडसरांनी शब्द दिला होता — तपासणी नीट पार पडली की शंकररावांचं नाव कायम करायला पाठवतो. माझंही त्यासोबतच जाणार होतं.

त्यांचा हात असा होता की नेपच्यून आणि प्लूटो त्यांनी एका दिवसात केले. काचेवर काळी शाई फासायची, मध्ये ग्रहाएवढा गोल मोकळा ठेवायचा, त्यात फोटो रंगवायचा रंग भरायचा, वरून दुसरी काच ठेवून चारी कडा काळ्या कागदी पट्टीने बंद करायच्या. शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही खिडक्यांना काळे कागद लावून चाचणी घेतली. तिसरी स्लाइड प्रजापतीची, म्हणजे युरेनसची. भिंतीवर छान हिरवट-निळा गोळा उमटला, आणि त्याच्याभोवती एक बारीक उजळ रेघ. लांबट, उभी. गोळ्याच्या डोक्यावरून निघून पायाशी वळून परत वर गेलेली.

"शंकरराव, ही रेघ काहून काढली?"

"मी कायले काढू सर? तुमी साधा गोळा म्हणले, मी साधा गोळा केला."

ड्रॉइंगचे मास्तर दारात उभे होते. ते म्हणाले, "मागावरचा धागा आला असंन गा शंकऱ्या, शाळेत. आता पोट्ट्याइले ग्रहाले पदर लावून दाखवजो."

शंकरराव हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काच जुनी होती, एका फोटो स्टुडिओची टाकाऊ निगेटिव्ह सोड्याने धुतलेली. मला वाटलं जुना ओरखडा असेल. शनिवारी त्यांनी दुसरी काच धुतली, माझ्यासमोर रंगवली, माझ्यासमोर बंद केली. मशीनमध्ये घातली... रेघ होतीच. त्याच जागी, तशीच उभी.

"सर, माहा हात थांबते आता," शंकरराव म्हणाले. "हे काही बरोबर नाही वाटून राहिलं मले."

मी चिडलो. तपासणी सोमवारी. म्हटलं, राहू द्या, मीच करतो.

इथून पुढचं नीट वाचा. रविवारी मी सीताबर्डीला फ्रेम करणाऱ्या दुकानातून कोरी काच कापून घेतली. घरी बसून स्वतः शाई लावली, स्वतः रंग भरला, स्वतः पट्टी चिकटवली. खिडकीशी धरून चारचारदा पाहिलं. निखळ गोळा, दुसरं काही नाही. ती काच मी रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली, आणि सोमवारी दुपारी माझ्याच हाताने मशीनमध्ये सरकवली. मधल्या वेळात शंकररावांचं बोटही तिला लागलेलं नव्हतं.

वर्गात मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब आणि हेडसर. बुध, शुक्र, पृथ्वी... मुलं गोष्ट ऐकल्यासारखी ऐकत होती. गुरूवर मी चांगली पाच मिनिटं बोललो. शनीला तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रजापती.

रेघ होती.

पहिल्या बाकावरची एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "सर, याले पण कडं हाये? पण हे तं उभं हाये!"

सगळा वर्ग हसला. साहेबही हसले. "मास्तर, शनीच पुन्हा घातलात का? आणि तोही आडवा?"

नवशिक्याची ही नेहमीची चूक असते — चौकोनी स्लाइड एक कड चुकवून घातली की शनीचं कडं भिंतीवर उभं दिसतं. मी "हो साहेब" म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मुलं ओरडली, "नाही सर, शनी पिवळा होता, हा हिरवा हाये!" साहेबांचं हसू गेलं. उठून मशीनपाशी आले.

"प्रजापतीला कडं? कोणत्या पुस्तकात आहे हे? कोणी केली ही स्लाइड?"

मी म्हणालो, "शंकररावांनी."

विचार करून बोललो असंही नाही. पण तोंडातून गेलं ते तेच, आणि मी ते परत घेतलं नाही. शंकरराव मशीनच्या वायरीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं जी साहेब."

तपासणीच्या शेऱ्यात "सदोष शैक्षणिक साहित्य" आलं आणि त्यांचं नाव. मी जूनमध्ये कायम झालो. शंकररावांना नवा आदेश आला नाही.

ती काच मी त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेच्या मागे दगडावर फोडली. फोडण्याआधी उन्हाकडे धरली होती. रेघ दोन्ही काचांच्या आत होती आणि माझी पट्टी चारी बाजूंनी शाबूत. हे मी शपथेवर सांगतो.

पुढे दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी वाचल्या : युरेनसभोवती कडी असल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं. अतिशय बारीक कडी. पेपर हातात धरून मी चहाच्या टपरीसमोर किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. हा ग्रह कुशीवर आडवा पडल्यासारखा फिरतो हे मी दरवर्षी वर्गात घोकून घेत होतो. म्हणजे त्याला कडं असलंच तर ते उभं असणार... हे त्या दिवशी वर्गात मला स्वतःला सुचायला हवं होतं. सुचलं असतं तर मी साहेबांशी वाद घातला असता. निदान माझं नाव तरी सांगितलं असतं.

कात्रण दहा वर्षं पाकिटात ठेवलं. मागच्या हिवाळ्यात मन घट्ट करून उमरेडला गेलो. शंकरराव घरीच होते. पुन्हा माग चालवतात. केस पांढरे झालेत, पण ओळखलं लगेच.

"या जी सर! बसा, बसा. इकडं कसे काय?"

कात्रण पुढे केलं. अक्षर लावत लावत त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि ते खुशीत आले.

"पाहा बाप्पा! म्हणजे तुमी बरोबर होते नं सर."

"मी?"

"मंग? ती तिसरी काच तं तुमीच केलती. मी समजलो, सरनं वाचलं असंन काही इंग्रजी पुस्तकात, म्हणून मुद्दाम काढली असंन रेघ."

"मी नाही काढली, शंकरराव. मी साधा गोळाच केला होता."

त्यांनी कात्रण माझ्या हातात परत दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग त्या पहिल्या दोन?"

"तुम्हीही नव्हत्या काढल्या ना?"

"आईची आन."

मग मी विचारलं, त्या दिवशी चुकलं म्हणून का म्हणालात? त्यांनी मागाकडे पाहत उत्तर दिलं, "दोघांची नोकरी जाण्यापरीस एकाची गेली बरी. तुमचं तं आत्ताच लगन झालतं."

एवढ्यात त्यांच्या पत्नी, यमुनाबाई, पाणी घेऊन आल्या. माझा शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यांनी ऐकलं होतं. तांब्या हातातच राहिला.

"म्हणजे? यायनं नव्हती केली ती काच?" त्यांनी थेट मला विचारलं. "तेरा वर्षं मी या माणसाले बोलून राहिली सर. पोरीचं शिक्षण सुटलं तवा बोलली, पोरगा खाणीत कामाले गेला तवा बोलली. तुह्या हाताच्या एका रेघेनं घर बुडवलं म्हणली मी. खरं सांगा जी, कोणं केलती?"

"चहा ठेव वं," शंकरराव म्हणाले. "सर लांबून आले. जुन्या गोष्टी कायले काढतं?"

त्या हलल्या नाहीत. माझ्याकडेच पाहत होत्या. मी कात्रणाची घडी घालत राहिलो. नंतर चहा आला, मी तो प्यालो, आणि चारची बस पकडून नागपूरला आलो.

तीन काचा, दोन माणसांचे हात, आणि पृथ्वीवर तोवर कोणालाच माहीत नसलेली एक रेघ. ओरखडा, शाईचा दोष, योगायोग — सगळं ताडून पाहिलं. एकही उत्तर तिन्ही काचांना लागू पडत नाही. पडेल असं मला आता वाटतही नाही, आणि त्याचं मला फारसं काही वाटेनासं झालं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ती काच मी केली होती. हे यमुनाबाईंना त्यांच्या दारात उभं राहून, शंकररावांसमोर सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.