पालथा फोन

आमच्या घरात फोन टेबलावर पालथा ठेवायची सवय लागली ती माझं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं तेव्हा. कर्जाचे हप्ते थकले होते, आणि वसुलीवाल्यांचा नंबर दिसला की घास घशाखाली उतरत नसे. पुढे मी नोकरी धरली, राहिलेला एकेक हप्ता फेडला. क्रेडिट स्कोअर मुंगीच्या पावलांनी वर चढत राहिला, फोन मात्र पालथाच राहिला.

काल दुपारी तो वाजला. माझी बायको सुनंदा समोर मटार सोलत बसली होती. मी धीर करून उचलला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचं रेकॉर्ड खूप चांगलं आहे, त्यामुळे बँकेकडून तुम्हाला लगेच लोन मिळू शकतं."

असले फोन लोक वैतागून मध्येच कापतात. एके काळी मीही कापायचो. काल मात्र माझी छाती आनंदाने धडधडायला लागली. पत गेली की हा वैतागसुद्धा जातो; आपल्याला कुणी काही द्यायलाच येत नाही. नको म्हणायलाही पत लागते, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

"लोन नको मला," मी अगदी चवीने म्हणालो. "पण ते रेकॉर्डचं वाक्य पुन्हा एकदा म्हणाल का?"

सुनंदाने हात पदराला पुसले, माझ्याकडून फोन घेतला, स्पीकर लावला आणि तो टेबलावर उताणा ठेवला.