तीन नंबरची जागा

क्लबात त्याला सगळे ओंडका म्हणत, आणि हे नाव ठेवणाऱ्याला फारसं डोकं चालवावं लागलं नसणार. खांदे दाराएवढे, पाय आखूड, आणि डोकं नि खांदे यांच्यामध्ये मान म्हणून जे काही असतं ते जवळजवळ नव्हतंच. पहिल्या पगारातून त्याने पांढरा शर्ट घेतला, तर त्याचं वरचं बटण काही केल्या लागेना. कॉलर वाढवून घ्यायला तो कपडे दुरुस्तीच्या एका दुकानात गेला. तिथल्या मुलीने गळ्याभोवती टेप फिरवली, आकडा वाचला, टेप उलटी तर धरली नाही ना म्हणून पुन्हा फिरवली, आणि मग हसू आवरेना म्हणून पाठ वळवून उभी राहिली. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. लग्नाच्या फोटोत त्याचं वरचं बटण लागलेलं आहे, ती तिची कारागिरी.

धंदा रग्बीचा. रग्बी म्हटलं की लोकांना चेंडू काखेत मारून धूम पळणारे गडी दिसतात. ओंडका त्यातला नव्हे. चेंडू त्याच्या हाती क्वचित यायचा, आणि आला की तो गरम भांडं असल्यासारखा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा व्हायचा. त्याचं पोट चालायचं ते स्क्रमवर. खेळ अडला की दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना भिडतात, मधल्या फटीतून चेंडू सरकवला जातो, आणि जो संघ दुसऱ्याला मागे रेटेल त्याची सरशी. पुढच्या रांगेत तिघे असतात. मधला आपले दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या खांद्यांवर टाकतो, आणि शेजारचे दोघे त्याच्या बगलेखाली हात घालून त्याची जर्सी मुठीत धरतात. पडायची वेळ आली तर मधल्याचे हात मोकळे नसतात. त्याला सावरायला असतात त्या फक्त शेजाऱ्यांच्या दोन मुठी. ओंडका मधल्याच्या उजव्या बाजूला, तीन नंबरची जर्सी घालून. मागून आपले पाच आणि समोरून त्यांचे आठ, असा सगळा भार या तिघांच्या मानांवर यायचा.

त्या मधल्याशी ओंडक्याची नऊ वर्षं जोडी होती. मैत्री म्हणावी तर मैदानाबाहेर दोघांचं फारसं जमायचं नाही. मधला अखंड बडबड्या, आणि ओंडक्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे समोरच्याच्या नाकी नऊ यायचे. सुट्टीत एकमेकांना साधा फोन नाही. पण स्क्रममध्ये कानाला कान लागला की मधल्याने सकाळी काय खाल्लंय, रात्री झोप झालीय का, घरी वाजलंय का, हे सगळं ओंडक्याला न सांगता कळायचं. मधल्याने श्वास आत ओढला की रेटायचं, एवढंच त्यांचं बोलणं. त्या चार-दोन क्षणांत आपण एकटे नाही असं त्याला जितकं वाटायचं, तितकं दुसरीकडे कुठेच वाटलं नाही. हे बायकोला सांगायची मात्र त्याची छाती झाली नाही.

मग डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. आधी कप निसटला, मग किल्ली. क्लबातल्या डॉक्टरांना पत्ता लागू नये म्हणून तो बाहेरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी मानेचा फोटो उजेडावर धरून दाखवला. दोन मणक्यांमधली गादी दबली होती आणि हाताकडे जाणारी नस तिच्याखाली चेपली होती. खेळणं आजच बंद करा, त्या म्हणाल्या. हंगाम संपेपर्यंत काढतो, तो म्हणाला. हात तुमचा आहे, मी काय बोलणार, असं त्या म्हणाल्या, आणि ओंडक्याने त्याची परवानगी करून घेतली. खेळाडूंचे कान असेच असतात, 'नको' एवढं सोडून सगळं ऐकू येतं. घरी बायको रडली, भांडली आणि शेवटी हंगामाच्या पुढे एक दिवसही नाही असं त्याच्याकडून वदवून घेऊन गप्प झाली.

क्लबात तो मूग गिळून बसला. पण मधल्यापासून काय लपणार? सरावात दोन-तीन स्क्रम झाले आणि मधल्याने सरळ विचारलं, डावा हात का रे? ज्याची बरगडी रोज त्याच मुठीत असायची, त्याला मूठ सैल पडलेली कळणारच. त्याने तडक कोचकडे जायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही कामातला शहाणा माणूस गेला असता. पण पहिल्या रांगेतल्या लोकांना शेजारी बदलणं म्हणजे राहतं घर सोडण्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी मधला आला तो चिकटपट्टीचा जाड पीळ करून, जर्सीच्या आत उजव्या बगलेखाली बरगडीवर चिकटवूनच. पिशवीला बंद असावा तसा. बधिर बोटांना अडकायला काहीतरी मिळालं. आपण केवढी युक्ती काढली म्हणून दोघेही खूश झाले, आणि आठवडेच्या आठवडे कुणालाही कळलं नाही.

हंगामाचा शेवटचा सामना. हरले तर क्लब खालच्या श्रेणीत जाणार होता. पहिल्याच सत्रात घामाने तो पीळ सुटला. ओंडक्याच्या मुठीत नुसतं कापड राहिलं, ते निसटलं, आणि स्क्रम कोसळला. मधला तोंडावर आपटला आणि त्याच्यावर सगळे. ओंडक्याच्या तोंडचं पाणी पळालं. मधला उठला तो दातांत गवत घेऊन, हसत. पण कोचने डावीकडून हाक मारली तेव्हा त्याने मान नाही वळवली, अख्खा माणूस वळला. हे फक्त ओंडक्याने पाहिलं. मध्यंतरात ओंडक्याने दम लागल्याची थाप मारली आणि कोचने त्याच्या जागी बदली खेळाडू घेतला.

सामना संपत आला तेव्हा त्यांचा संघ चारच गुणांनी मागे होता आणि स्क्रम मिळाला होता तो समोरच्यांच्या रेषेला खेटून. सगळ्या श्रेणीत दणकट स्क्रम ओंडक्याच्या संघाचाच. एक रेटा देऊन चेंडू रेषेपलीकडे टेकवला की पाच गुण, म्हणजे सामना खिशात. आणि नेमका तेव्हाच त्या बदली पोराचा गुडघा गेला.

नियम असा की पहिल्या रांगेत शिकलेलाच माणूस लागतो. बाहेर बसलेला परत येऊ शकतो. तसा कुणी नसेल तर रेफरी रेटारेटीच बंद करतो, आणि मग दोन्ही बाजू नुसत्या टेकून उभ्या राहतात. म्हणजे त्यांच्या हातातलं एकमेव हत्यार गेलं. कोचने ओंडक्याकडे पाहिलं. बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. त्याने जाकीट काढलं आणि तो रेषेपर्यंत गेला. त्याला जायचं होतं. आयुष्यात कुठेही जावंसं वाटलं नव्हतं इतकं त्याला आत जायचं होतं. समोर मधला उजवा हात उचलून उभा होता, आणि त्या हाताखाली मोकळी जागा होती, बरोबर ओंडक्याच्या मापाची.

"ये ना, ओंडक्या," मधला म्हणाला. "मी धरतो तुला."

रेफरीने विचारलं, पहिल्या रांगेत खेळायला तयार आहेस का?

"नाही," ओंडका म्हणाला. "मला मूठ धरता येत नाही."

त्याच्या जागी एक उंच, सडपातळ गडी कसाबसा वाकला. स्क्रम बांधला गेला, पण कुणी रेटलं नाही. लोकांनी हुर्यो उडवली. पाच-सात मिनिटांत सामना संपला आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. कपडे बदलायच्या खोलीत मधला बूट सोडता सोडता खाली बघूनच म्हणाला, "मान माझी होती. मला विचारायचं होतंस."

विचारलं असतं तर मधला हो म्हणाला असता, म्हणून तर ओंडक्याने विचारलं नव्हतं. पण हे त्याला तिथे सुचलं नाही. घरी परतताना बस निम्म्या वाटेवर आली तेव्हा सुचलं.

आता तो बायकोच्या दुकानात बसतो. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावतो, उजव्या हाताने इस्त्री करतो, आणि बायकोला नको असताना सल्ले देतो. हाताला आराम आहे म्हणे. क्लबच्या मैदानावरून जायचा रस्ता जवळचा आहे, पण तो लांबून येतो. दुकानात दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की त्याला तिथे बघवत नाही, आत जाऊन दोऱ्याची रिळं नीट लावत बसतो.

दीड वर्षाने एका दुपारी मधला आला, खांद्यावर मुलीला घेऊन. पॅंट कमरेत सैल करून हवी होती. मुलगी त्याचे कान ओढत होती आणि तो मान पार मागे टाकून, कधी या बाजूने कधी त्या बाजूने, तिच्याकडे बघत तिला दटावत होता. ओंडका त्या मानेकडे बघत राहिला. बायको माप घेत होती. मधला इकडचं तिकडचं बोलला, त्या सामन्याचं काही नाही. शेवटी ओंडक्यानेच विचारलं, नवा तीन नंबर कसा आहे?



"चांगला आहे," मधला म्हणाला. "खरं सांगू? तुझ्यापेक्षा चांगला आहे."

"बरं झालं," ओंडका म्हणाला.

खोटं सांगितलं असतं तर त्याला ते कळलं असतं, आणि मधल्यालाही हे ठाऊक होतं. मधला पोरीला घेऊन गेला. जाताना शनिवारी ये पॅंट न्यायला, एवढंच ओंडका म्हणाला. मग त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि तो स्टुलावर बसला.

"मला परत जायचंय गं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," बायको म्हणाली. समोर शिवायचं बरंच पडलं होतं, पण तिने मशीन लावलं नाही. दुसरं स्टूल ओढून ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली.