जोडाघरातले पापाजी

माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. पापाजी पायांकडे बघायचे. आमची पहिली भेट सातिवलीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये झाली. केळी भरलेल्या माझ्या टेम्पोचा कमानपाटा, म्हणजे चाकावरचा भार झेलणारी पोलादी पट्टी, तुटला होता आणि मी वैतागून एका उपड्या ड्रमवर, पाय समोर लांब सोडून बसलो होतो. टेम्पोखालून आधी एक पांढरी दाढी बाहेर आली, मग ग्रीसने माखलेले सरदारजी आले. टेम्पोबद्दल अक्षर न काढता ते म्हणाले, "पैर समेटो जी. समोर माणूस काम करतो आहे."

गिऱ्हाईक मी, आणि शिस्त मलाच! पण पाय मात्र आपोआप आखडले गेले.

त्यांचं नाव करतारसिंग, पण हायवेवरचे ड्रायव्हर, पंक्चरवाले, चहावाला, सगळे त्यांना पापाजीच म्हणत. तरुणपणी वसईत आले ते इथेच म्हातारे झाले, तरी मराठीतली लिंगं त्यांना शेवटपर्यंत वश झाली नाहीत. 'माझा गाडी' आणि 'तुमची टेम्पो' हे कायमचं. शेवटी 'जी' लावल्याशिवाय वाक्य पुरं झालं असं त्यांना वाटतच नसे. अडून बसलेल्या नटबोल्टलाही ते "निघ ना जी" म्हणायचे. आमच्या गावाकडून, निर्मळच्या बाजूने, भाजी आणि फुलं घेऊन जाणारे सगळे टेम्पो हळूहळू त्यांच्याकडेच जायला लागले.

रविवारी हाच माणूस ओळखू येत नसे. वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत छोटा गुरुद्वारा आहे. तिथे पापाजी आंघोळ करून, कडक निळी पगडी बांधून दरबाराच्या दाराशी उभे असत. दरबार म्हणजे जिथे गुरू ग्रंथसाहेब असतात तो मोठा हॉल. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधून माथा टेकायला जायची वाट. कोण कसा बसला आहे हे बघायचं काम पापाजींना कुणी दिलेलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच घेतलं होतं. कुणाचा रुमाल डोक्यावरून घसरला, कुणी गुडघा उभा करून बसला, कुणाचे पाय ग्रंथसाहेबांकडे झाले, की पापाजी वाकून कानात सांगणार. एकदा एका कारखान्याचे मालक बसायला घडी घातलेली घोंगडी घेऊन आले होते. पापाजींनी ती त्यांच्या खालून अलगद ओढून घेतली. "सतरंजी सगळ्यांची एक आहे जी. तुमची वेगळा कशाला?" मालक गोरेमोरे झाले आणि आपल्याच हमालाच्या शेजारी मांडी घालून बसले.

"उंच बसायला बाहेर सारी दुनिया पडली आहे जी," पापाजी म्हणायचे. "इथे सगळे जमिनीवर." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते गावातही दोनचार जणांना ऐकवलं होतं. आमच्याकडे कोण ओटीवर बसतो आणि कोण अंगणातच उकिडवा बसतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं होतं.

आईला मी तिथे नेलं ते याच कौतुकापोटी. गुरुपुरबाचा, म्हणजे गुरूंच्या जयंतीचा दिवस होता. पापाजींनी सगळ्या टेम्पोवाल्यांना घरच्यांसकट लंगरला, तिथल्या पंगतीला, बोलावलं होतं. आईचे गुडघे तोपर्यंत भाताच्या लावण्यांनी पार निकामी केले होते. गावात कुठेही पूजा असली की बायका तिच्यासाठी भिंतीकडे स्टूल ठेवत. गुरुद्वाऱ्यात चपला ठेवायच्या जागेला जोडाघर म्हणतात. तिथे तिला एक प्लास्टिकचं स्टूल दिसलं. तिने ते उचललं, डोक्यावरून पदर घेतला आणि थेट दरबारात नेऊन, मागे भिंतीशी टाकून त्यावर बसली.

पापाजी धावत आले. "माताजी, नाही नाही. महाराजांच्या समोर उंच नाही बसायचा."

आईने मान वळवून चारी बाजूंना बघितलं. "कुठं हायत महाराज?"

पापाजी ग्रंथसाहेबांना महाराज म्हणतात हे तिला कसं कळणार? आजूबाजूच्या बायका हसल्या. आई चटकन उठली, भिंतीला धरून कशीबशी खाली बसली, आणि तिचे दोन्ही पाय सरळ पुढे, ग्रंथसाहेबांच्या दिशेने पसरले. दुमडणं शक्यच नव्हतं. "पैर समेटो जी, पैर," पापाजी आता घाईला आले होते. तिने एका अंगाला वळून बसून बघितलं, तर ग्रंथसाहेबांकडे पाठ झाली. तेही चालत नव्हतं. कीर्तन चालू होतं आणि निम्मा हॉल आमच्याकडे बघत होता. मी पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसलो होतो. मला आईची लाज वाटत होती, आणि तशी वाटते आहे याचीही.

शेवटी आई उठली आणि स्टूल घेऊन परत जोडाघरात जाऊन बसली. लंगरला बोलावलं तर "मला भूक नाय" म्हणाली. घरी आल्यावर पाय धुताना तिने इतकंच विचारलं, "कोन कोन बगत होता रे?"

त्यानंतर ती कुणाच्या घरच्या पूजेला गेली नाही. बोलावणं आलं की गुडघ्यांचं कारण सांगायची, आणि ते खरंही होतं. मी टेम्पो दुरुस्तीला पापाजींकडेच नेत राहिलो. त्या दिवसाबद्दल ना ते बोलले, ना मी.

काही वर्षं गेली. जन्मभर थंड लादीवर, गाड्यांखाली लोळलेल्या पापाजींचे गुडघेही बोलू लागले. वर्कशॉप मुलाने हातात घेतलं. पापाजी काठी घेऊन यायचे, लांबून सूचना करायचे आणि कुणी ऐकलं नाही की जी न लावता शिव्या द्यायचे. आणि रविवारी ते दरबाराच्या दाराशी दिसेनासे झाले. ते जोडाघरात असत, त्याच प्लास्टिकच्या स्टुलावर. येणाऱ्या माणसाच्या चपला घ्यायच्या, फडक्याने पुसायच्या, कप्प्यात ठेवायच्या. आतून कीर्तन ऐकू आलं की हात थांबवून डोळे मिटायचे.

गुरुद्वाऱ्यात त्यांचं केवढं नाव झालं! तरुण मंडळी वाकून नमस्कार करायची. "एवढा मोठा माणूस, आणि लोकांचे जोडे पुसतो!" मीही एकदा तसंच काही बोललो. मला वाटलं ते हसतील. त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली.

"सगळे बोलतात पापाजीची सेवा. सेवा कसली जी. शरम आहे."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांना आता खाली बसता येत नव्हतं. आत म्हाताऱ्यांसाठी मागच्या भिंतीशी दोन्ही बाजूंना लाकडी बाक ठेवले होते, तेही मोठी चर्चा होऊन, आणि त्या चर्चेत सगळ्यात मोठा विरोध पापाजींचाच होता. "किती लोकांना मी उठवलं. आता त्याच बाकावर मी कुठल्या तोंडाने बसू जी?" थोडा वेळ ते माझ्या चपलांकडे बघत राहिले. "तुमच्या माताजी याच स्टुलावर बसल्या होत्या. इथेच. मी हिच्यावर बसतो तेव्हा दर वेळी आठवतात."

पुढच्याच आठवड्यात ते मुलाला घेऊन आमच्या घरी आले. न कळवता. आई ओटीवर लसूण सोलत बसली होती. तिने लगबगीने खुर्ची पुढे केली. पापाजींनी ती बाजूला सारली, दाराची चौकट धरली आणि "नाही जी, नाही जी" करत स्वतःला खाली सोडायला लागले. मुलगा ओरडला, मी धावलो, तोवर ते धपकन जमिनीवर बसलेही होते. पाय समोर सरळ, काठीसारखे. त्यांनी हात जोडले.

"माताजी, त्या दिवशी तुम्हाला मी उठवला. नियम बरोबर होता जी. पण मी बघितला फक्त पाय. माणूस नाही बघितला. मला माफ करा."

आई कावरीबावरी झाली. सत्तरीतला, दाढीवाला माणूस तिच्या पायांपाशी बसून रडत होता. माझ्याच्याने तिकडे बघवेना.

"अरे भाऊ, उठ. मीच लाजले होते," ती म्हणाली. "देवाकडं पाय केले म्हनून. तुमच्या देवाला काय वाटला असंल, तेच मला वाटत राहिला."

मी चमकलो. लोक हसले म्हणून ती दुखावली, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिला लोकांचं नव्हतंच. 'कोन कोन बगत होता' यातला बघणाराही तिच्या लेखी देवच होता. ती देवापुढे ओशाळली होती, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

पापाजी काही केल्या वर बसेनात. मग आईही भिंत धरून त्यांच्यासमोर खाली बसली. दोघांनी तिथेच चहा घेतला, चारही पाय सरळ एकमेकांकडे केलेले. चहा संपल्यावर कळलं की दोघांनाही उठता येत नाही. आईला मी आणि माझ्या बायकोने उचललं, पापाजींना त्यांच्या मुलाने आणि मी. पापाजी म्हणाले, "कमानपाटा गेला जी. दोन्ही गाडीचा." आई इतकी हसली की तिला पुन्हा धरावं लागलं.

निघताना आईने विचारलं, "आता बाक हाय ना तिथं? मग मी येते. पन तू आत बसशील तरच."

पापाजींनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

गुरुपुरबाला आई आली. बायकांच्या बाजूच्या बाकावर बसली. पापाजी काठी टेकत आत आले, कमरेत जमेल तेवढं वाकून नमस्कार केला, आणि पाठ न दाखवता उलट पावली मागे येत पुरुषांच्या बाकापाशी पोहोचले. पण बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले. मुलाने हात धरला तर झटकला. मी मागे वळून बघितलं, तर सगळा भार काठीवर टाकलेला. कीर्तनातला एक शबद, म्हणजे एक पद, संपला, दुसरा सुरू झाला. माझी नजर बायकांच्या बाजूला गेली. आईही उभी होती. शेजारची बाई तिला पदराला धरून बसवायला बघत होती आणि आई पलीकडे पापाजींकडे टक लावून उभी होती. पापाजींनी तिला बघितलं. मान खाली घातली. मग बसले. त्यानंतर आई बसली.

पापाजी पुढच्या थंडीत गेले. अंतिम अरदासला, म्हणजे त्यांच्यासाठीच्या शेवटच्या प्रार्थनेला, मी आईला घेऊन गेलो. हॉल भरला होता. ग्रंथसाहेब वाचणाऱ्या ग्यानीजींनी त्यांच्या जोडाघरातल्या सेवेबद्दल खूप चांगलं सांगितलं. एवढी नम्रता आता बघायला मिळत नाही, म्हणाले. लोक डोळे पुसत होते. मी खाली सतरंजीकडे बघत राहिलो. उठून खरं सांगावं असं क्षणभर वाटलं, पण ते सांगणं पापाजींना मान देणं ठरेल की त्यांची लाज चव्हाट्यावर मांडणं, हे मला ठरवता येईना. अजूनही येत नाही.

बाहेर पडल्यावर आईने विचारलं, "काय बोलला तो त्याच्याबद्दल?"

"जोड्यांची मोठी सेवा केली म्हणाले."

"हां," आई म्हणाली. "लाजरा होता मानूस."

जोडाघरात ते स्टूल तसंच होतं. चपला घालायला आई त्यावर टेकली. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते. तिने कण्हत कण्हत, दोन्ही हातांनी धरून, आपले पाय जेवढे येतील तेवढे आत ओढून घेतले.

"कुणाला अडत नाहीयेत गं," मी म्हटलं.

"बगत असंल तो," ती म्हणाली. "त्याची नजर आदी पायावरच जायची."