छबूबाईचा तळहात आणि कंपनीचा ब्लॉग

शहाद्यात ठिबक सिंचनाच्या एका कंपनीचं छोटं ऑफिस आहे. तिथे रंजिता पाटील तक्रारी घेते. पाइप फुटला, नोझल तुंबलं, मोबाइलवरून मोटार सुरू होत नाही, की शेतकरी आधी तिलाच फोन करतात.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने ब्लॉग सुरू केला आणि प्रत्येक शाखेकडून लेख मागवले. बाकीच्यांनी माहितीपत्रक उतरवून पाठवलं. रंजिताने मात्र ब्राह्मणपुरीच्या छबूबाईवर लिहिलं.

छबूबाईचे यजमान तळोद्याला जीप चालवतात. पपईची बाग ती एकटीच सांभाळते. एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला, "ताई, मोटार चालू शे, पन पानी नही!" रंजिताने तिच्या यजमानांना फोन लावला. ते जीपमधून म्हणाले, "अ‍ॅपवर तर सगळं हिरवं दिसतंय." रंजिता गाडी काढून थेट शेतावर गेली. तोवर छबूबाईने मोटार बंद केली होती. बोअरचं पाणी खाली गेलं होतं, मोटार कोरडीच फिरत राहिली होती.

"तुम्हाला कळलं कसं, मावशी?"

छबूबाईने पाइपावर हात ठेवून दाखवला. पाणी वाहत असलं की पाइप गार लागतो. आज तो उन्हाने तापला होता.

रंजिताने लेखात लिहिलं, 'मोटार चालू आहे, एवढंच आमचं अ‍ॅप सांगतं. पाणी येतंय का, ते छबूबाईचा तळहात सांगतो. आणि अ‍ॅप आहे तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये.'

पुण्याहून ब्लॉग बघणाऱ्या उमाकांत सरांचा फोन आला. "मॅडम, लेख छान आहे. पण या ओळी काढू या. आपल्याच अ‍ॅपची उणीव आपणच कशी सांगायची?"

नोकरी गेली तर, असं रंजिताच्या मनात येऊन गेलं. तरी ती म्हणाली, "सर, शेतकऱ्यांना ती माहीतच आहे. या ओळी काढणार असाल तर माझं नावही काढा."

सरांनी फोनवरच त्या ओळी पुन्हा एकदा वाचून पाहिल्या. मग ते म्हणाले, "राहू द्या. जसाच्या तसा टाकतो."

पंधरा दिवसांनी, लेख वाचून, अ‍ॅप बनवणाऱ्या दोन मुली पुण्याहून ब्राह्मणपुरीत आल्या. छबूबाईने त्यांना दिवसभर शेतात फिरवलं आणि त्या दोघी वह्या भरभरून टिपणं घेऊन परतल्या. पुढच्या हंगामात पाण्याचा प्रवाह मोजणारं यंत्र आलं. पाणी थांबलं की आता संदेश दोन नंबरांवर जातो. पहिला नंबर छबूबाईचा, तिच्या स्वतःच्या नव्या फोनचा; दुसरा तिच्या यजमानांचा. रंजिताचे ब्लॉगवर आतापर्यंत एकवीस लेख झाले.

यंदा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कंपनीने स्टॉल लावला आणि तो पहिला लेख मोठ्या अक्षरांत भिंतीवर छापला. रंजिताचे वडील चुडामण आप्पा चष्मा पुसत पुसत तो शेवटपर्यंत वाचत उभे राहिले. शेजारी घोडा बघायला आलेला एक अनोळखी माणूसही वाचत होता.

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हाई मन्ही पोरनी लिखेल शे," ते म्हणाले, आणि त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं.