बनाबाईचा डावा हात

बनाबाई डावरी होती. आज मी हे इतकं सहज लिहिते, पण ती असताना तिच्या तोंडून ते एकदाच बाहेर पडलं, तेही कोर्टात, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मंगळवार पेठेत आमची भिंतीला भिंत होती. मी पद्मजा, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. ती गिरणीत कामाला. नवरा आकाराम क्षयानं गेलेला, मूलबाळ नाही. घरात ती आणि तिची सासू चिमणाबाई, दोघीच. म्हातारीचं तोंड म्हणजे तोफ. ती नळावर आली की बायका न सांगता घागरी बाजूला घ्यायच्या. देवाचं, रीतीचं, मानपानाचं सगळं तिला तोंडपाठ, आणि ते दुसऱ्याकडून करून घ्यायची भलती हौस. पण बनाबाईच्या पगारावर दोघींची चूल पेटते हे ती कधी विसरली नाही. सून कामावरून आली की आधी चहाचं आधण ठेवायची, मग भांडायची.

बनाबाईचं माहेर कोडोली. पोर डावरी निघाली म्हणून तिच्या आईनं लहानपणीच धास्ती घेतली होती. डाव्या हातानं हळदीकुंकू लावणारी सून कोण करून घेणार? मग आईनं तो हात चिंधीनं कमरेला बांधून ठेवायला सुरुवात केली. पोर शहाणी, लवकर शिकली. चारचौघांत उजवी, एकटी असली की डावरी. लग्न होऊन कोल्हापुरात आली तीही तशीच. ताट वाढणं, देवाला फूल घालणं, दारात रांगोळी, सगळं उजव्या हातानं. रांगोळी वाकडी यायची. चिमणाबाई म्हणायची, “बना, ह्या जल्मात तुजा हात न्हाय बसायचा बग!” आणि सगळी गल्ली हसायची. मीही हसले आहे.

गिरणीत मात्र सासू नव्हती. तिथं बायका सुताचे कोन, म्हणजे निमुळती रिळं, भरायच्या. चालत्या यंत्रावर सूत तुटलं की पटकन दोन टोकं धरून गाठ मारायची आणि पुन्हा सोडायचं, दिवसभर हेच. गाठ मारायला डावा हात लागला की बनाबाईला कुणाची बरोबरी नव्हती, असं तिच्या शेजारी उभी राहणारी बायडाबाई मला पुढं सांगायची. तिथल्या आवाजात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग डावं-उजवं कोण बघतो? मला वाटतं, तिथं ती खरी सुखात होती.

त्र्याहत्तर साली तोच हात यंत्राच्या दातेरी चाकात गेला. बोटं तुटली नाहीत. तुटली असती तर बरं झालं असतं, नुकसान कुणालाही दिसलं असतं, असं मी रागानं म्हणते, पण खोटं म्हणत नाही. बोटं राहिली आणि नुसतीच राहिली. मिटायची नाहीत की वळायची नाहीत. दवाखान्यात बायडाबाई माझ्या गळ्यात पडून रडली, “मास्तरीनबाई, कामाचा हात ग्येला की वं हिचा!” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं भिंतीपलीकडं राहणारी ही बाई डावरी आहे.

गिरणीच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, हिच्याच्यानं आता कोन भरणं होणार नाही. नोकरी गेली. ठीक, म्हटलं कामगार विमा आहे, अपंगत्वाची पेन्शन मिळेल, दोघींना भाकरीपुरती झाली तरी पुष्कळ. त्यासाठी मेडिकल बोर्डापुढं जायचं होतं. मी बरोबर गेले. मला दाराबाहेर बसवलं.

आतले डॉक्टर वाईट नव्हते. मी त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या आहेत, पण बनाबाईच म्हणायची की त्यांनी खुर्ची दिली, मावशी म्हटलं, पाणी मागवलं. तिनं पेला उजव्या हातानं घेतला. त्यांनी पेन्सिल पुढं केली, ती उजव्या हातानं घेतली. डावा धड असता तरी मोठ्या माणसानं दिलेली वस्तू त्या हातानं घेतील का कधी? मग त्यांनी विचारलं, “मावशी, तुमचा कामाचा हात कुठला?”

बनाबाई म्हणाली, “उजवा.”

संपलं. कामाचा हात शाबूत आहे, अपंगत्व नाममात्र, पेन्शन बसत नाही. एकाच बाईला गिरणीनं निकामी ठरवलं आणि बोर्डानं धडधाकट. दोन्ही कागदांवर सही-शिक्का. निकाल हातात पडला त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले, “अगं, डावा म्हणून सांगायला काय झालं होतं तुला?”

ती खाली मान घालून म्हणाली, “चार बाप्ये समोर बसल्यालं. डावा म्हनाया जीबच रेटंना. उजवा म्हनायचं असतंय न्हवं?”

बोर्डाच्या निकालावर कोर्टात जाता येतं असं कळलं. माझ्या नात्यातला नृसिंह तेव्हा नवीन वकील झाला होता, पैशाची गोष्ट न काढता तो उभा राहिला. तो म्हणाला, ती डावरी आहे हे सिद्ध झालं की सगळं पालटतं. गिरणीतलं कुणी येऊन सांगितलं तर उत्तम. बायडाबाई छातीवर हात मारून तयार झाली, आणि आठवड्यात घरी येऊन तिनं माझे पाय धरले. खात्याच्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, तिला नुसतं विचारलं होतं, “काय बायडाबाई, कोर्टात जानार म्हनं?” तिला दोष देत नाही. तिचीही चूल होती.

मग राहिली चिमणाबाई. अपघातानंतर सुनेच्यानं घरात काय होतं नि काय होत नाही, एवढंच तिनं सांगायचं असं ठरलं. डावरेपणाचा विषय तिच्यापुढं काढायचा नाही, ही बनाबाईची अट होती; सासूला ती आत्ती म्हणायची. ती माझा हात धरून म्हणाली, “मी सांगीन कोर्टात. घसा फाडून सांगीन. पर आत्ती आत नगोत. माज्या आईनं फशिवलं आसं हुईल त्येंना.” नृसिंह म्हणाला, साक्षीदार बाहेरच बसतात, काळजी नको.

कोर्टात बनाबाई उभी राहिली तेव्हा तिचा ब्लाऊज पाठीवर घामानं चिकटला होता. नृसिंहनं विचारलं आणि ती बोलली. “मी डावरी हाय. लहानपनापास्नं डावरी हाय. दाक्तरांस्नी लाजंनं खोटं बोलले.” आवाज चिरका आला, पण सगळ्या खोलीला ऐकू गेला. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं.

मग चिमणाबाईला बोलावलं. नृसिंहनं विचारलं तेवढं तिनं नीट सांगितलं. सून घागर उचलत नाही, भाकरी थापत नाही, लुगडं पिळत नाही. नंतर समोरचा वकील उठला. गोड हसला आणि म्हणाला, “आजी, तुमची सून डावरी आहे म्हणतात. खरं का हो?”

चिमणाबाईनं पदर खोचला.

“आमच्या घरात डावरी सून? जीब झडंल पावणं तुमची! उभा जलम तिनं माज्या ताटात उजव्या हातानं वाढलंया, द्येवाला उजव्या हातानं फूल घातलंया. येकदा डावा हात फुडं क्येला न्हाय. असली सून अख्ख्या कोल्हापुरात हुडकून गावायची न्हाय!”

न्यायाधीशांनी विचारलं, “आजी, शपथेवर सांगताय, नक्की ना?”

“अंबाबाईची आन!”

मी बनाबाईकडं बघितलं. ती सासूकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. अपील फेटाळलं जाणार हे कळायला वकील लागत नव्हता. घरच्या माणसाचीच साक्ष उलट गेली, आणि बनाबाई पेन्शनसाठी खोटं बोलली असं निकालात आलं. डॉक्टरांशी खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं, आणि खरं बोलली तर ते खोटं ठरलं.

पण हे पुढचं, निकाल आला तेव्हाचं. त्या दिवशी कोर्टाबाहेर चिमणाबाई छाती पुढं काढून चालत होती. “कशी अब्रू राखली!” म्हणून तिनं नृसिंहच्या पाठीवर थाप मारली. तो कागद काखेत मारून निघून गेला. सिटी बसच्या थांब्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, “चिमणाबाई, तुम्ही पोरीच्या तोंडचा घास काढला आज. ती डावरी आहे.”

म्हातारी माझ्याकडं वळली. मग म्हणाली, “ते मला म्हाईत न्हाय व्हय?”

बनाबाईनं चटकन मान वर केली.

“हळदीच्या अंगानं घरात आली, दुसऱ्या दिवशी घरामागं परड्यात येकटी चुलीला शेन लावत हुती, डाव्या हातानं. मी दारातनं बगितलं आनि मागं सरले. सासऱ्याला कळू दिलं न्हाय, आकारामाला कळू दिलं न्हाय. कोन आलं की मी आधी भांड्याचा आवाज करायची, म्हंजे ही हात बदलंल. आनि आज त्यो कोन कुठला काळा डगलेवाला चारचौघांत इचारतोय, त्येला सांगू? इतकी वर्सं झाकलेलं?”

“आत्ती,” बनाबाई म्हणाली, “मी आतच सांगितलं हुतं की वं. तुमी आत याच्या आदीच सांगितलं हुतं.”

म्हातारीला अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ती थांब्याच्या कट्ट्यावर बसली आणि बस आली तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशी मला न सांगता एकटी कोर्टात गेली, मी खोटं बोलले म्हणाली. तिथल्या कारकुनानं समजावलं, “आजी, शपथ घेऊन सांगितलंय तुम्ही. आता फिरवलं तर तुमच्यावरच खटला हुईल. घरला जावा.” ती दिवेलागणीला परत आली.

मी आमटी घेऊन गेले तेव्हा दोघी ताटांपुढं बसल्या होत्या. म्हातारीनं भाकरी कुस्करली आणि म्हणाली, “बना, डाव्या हातानं जेव. आता कुनापास्नं लपवायचं?”

बनाबाई हलली नाही. मग तिनं तो हात पदराबाहेर काढून ताटाच्या काठावर ठेवला. चिमणाबाई पुढं सरकली. आमटीत भिजलेला घास तिनं सुनेच्या बोटांत दिला आणि तिची बोटं एकेक करून त्याभोवती मिटवायला लागली. एक मिटवलं की दुसरं उघडायचं. घास खाली पडला. म्हातारीनं पुन्हा दिला, पुन्हा पडला.

“ऱ्हाऊ द्या आत्ती,” बनाबाई म्हणाली. पडलेला घास तिनं उजव्या हातानं उचलला आणि खाल्ला.