सासरचा होकार

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि मी हिंगणीला आईकडे आले. लाड भरपूर झाले, खोटं कशाला बोलू? पण माझ्या पोटातलं मूल आईला दुसऱ्याची ठेव वाटत होतं, हे दवाखान्यात कळलं.

कळा सकाळीच सुरू झाल्या होत्या. दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाचे ठोके कमी होताहेत. सिझर करावं लागेल. लवकर सांगा."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, तिच्या सासूले विचारल्याशिवाय मी कशी हो म्हनू? उद्या काई झालं तं तिकडं तोंड कसं दाखवू?"

तिने माझ्या सासरी, गिरडला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टर लोकायले घाईच राह्यते. थांबा, आमी निघून राह्यलो. आमच्या घरात आजवर कोनाचं पोट नाई फाडलं."

मी पलंगावरून ओरडले, "पोट माहं हाय! कापा मॅडम, कापा!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "घरच्यांना हो म्हणू द्या," त्या म्हणाल्या. सिझर उगाच केलं म्हणून मागे कुणीतरी दवाखान्यात धिंगाणा घातला होता, त्याची त्यांना धास्ती. माझा एकटीचा होकार पुरेसा होता, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

सासरची गाडी आली, सासूबाईंनी मान हलवली, तेव्हा कुठे मला आत नेलं. मुलगा झाला. रडेचना. बऱ्याच वेळाने रडला आणि बाहेर पेढे वाटले गेले.

आता तो दोन वर्षांचा होईल. बसवलं की कलंडतो. शेजारची पोरं अंगणभर पळतात आणि माझं लेकरू चटईवर पडून पंख्याकडे बघतं. जीव नुसता तुटतो.

परवा आई त्याला भेटायला गिरडला आली होती. त्याच्या पायांना तेल चोळत बसली. सासूबाई उसासा टाकून म्हणाल्या, "सिझरचं लेकरू ना. नाजूकच राह्यते."

"सिझरनं नाई झालं हे," मी म्हणाले. "तुमची वाट पाह्यल्यानं झालं."

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंकडे वळून म्हणाली, "पोरीचं मनावर घेऊ नका, इहीनबाई."