मंगळवारची गोळी

"आजच्या दिस गोळी ऱ्हाऊ दे."

"न्हाय जमायचं, अक्का."

"मंगळवार हाय. ओसरीवर बाया येऊन बसल्यात. त्यांला काय सांगू, देवी गोळी खाऊन झोपली?"

"सांगा की. झोप तिलाबी लागतच असंल."

शांताक्का हसल्या नाहीत. सास्तूरच्या आराधी मेळ्यात पुढं बसून गाणी धरणाऱ्या त्या, दैवशालाच्या थोरल्या जाऊ. जागरणाला चौंडकं वाजून वाजून तापलं की दैवशालाचा उजवा हात उडायचा, तोंड वाकडं व्हायचं, शब्द फुटायचा नाही. अंगात देवी आली म्हणून बाया लगेच तिचा मळवट भरायच्या, पायावर डोकं ठेवून विचारायच्या: पोरीचं लग्न कधी ठरंल, शेळी कुठं सापडंल. तिच्या हुंकाराचा अर्थ शांताक्का सांगायच्या.

मग एका सकाळी नळावर पाणी भरताना तोच हात तसाच उडायला लागला. चौंडकं नव्हतं, गाणं नव्हतं. घागर लवंडली. भोवतालच्या बायांनी हात जोडले. शांताक्कांनी मात्र तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि थेट सोलापूर गाठलं. "वाजवल्याबिगर देवी येत न्हाय," वाटेत एवढंच बोलल्या.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडावर धरला. मेंदूत चांदणीसारखे फाटे फुटलेल्या पेशी असतात, ही गाठ त्यांचीच. नाव ॲस्ट्रोसायटोमा. हळूहळू वाढणारी, पण बोलण्याच्या जागेला चिकटलेली. म्हणून गाठ काढताना पेशंटनं जागं राहायचं, बोलत राहायचं.

"काय बोलू?"

"येतं ते म्हणा, मावशी."

दैवशालानं देवीची गाणी धरली. कवटी उघडी, आणि हिचं कडव्यावर कडवं. शब्द अडखळला की डॉक्टरांचा हात थांबायचा. तेवढा तुकडा त्यांनी आत राहू दिला, आणि फिट येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. कुणीही भेटलं की दैवशाला अजून सांगते, "माझं गाणं ठिवलं की त्यांनी." बाहेरच्या बाकावर शांताक्का मांडीवर भाकरीचं गठुडं घेऊन दिवसभर उपाशी बसल्या होत्या, हेही सांगते.

आता दैवशालानं गोळी तळहातावर घेतली. "गाणी म्हणती की म्या. म्हणाल तेवढी म्हणती. पर फेफऱ्याला देवी म्हणायचं न्हाय."

"मग इतकी वरसं म्या लोकांला काय सांगितलं?" शांताक्कांचा आवाज उतरला. "खोटं?"

"तुमाला ठावं न्हवतं, मलाबी न्हवतं. पर त्या दिशी नळावर तुमी हात जोडून बसला न्हाईत, म्हणून म्या हाय." तिनं गोळी गिळली, वर घोटभर पाणी प्याली. "आता बाहेर जाऊन काय सांगणार, अक्का?"

शांताक्कांनी मळवटासाठी काढलेलं कुंकवाचं ताट उचललं, देवघरात आत सरकवून ठेवलं. डोक्यावर पदर घेतला आणि रिकाम्या हातांनी ओसरीवर गेल्या.